मिनिटाला पन्नास थेंब

गाजूलमामा तेलुगूत मोजतात.
ओकटी, रेंडू, मूडू…
ग्लँडमधून पडणारा थेंब.

पहिल्या आठवड्यात मला वाटलं, गळतंय.
पाना घेतला, दोन्ही नट आवळले,
थेंब थांबला. मी खूश.
दहा मिनिटांत जळक्या दोरीचा वास.
मामांनी वरून चूळभर पाणी टाकलं
तर चर्रकन वाफ.
"तहानेनं मारतेस होय गं त्याला?
पडू दे थेंब.
तेवढं पाणी शाफ्टचं असतं."

अक्कलकोट रोडच्या आमच्या डाईंगमध्ये पंप चार.
तीन नंबर गरम पाण्याचा.
मे महिन्यात टाकी तळाला गेली
की त्याच्या पोटात खडे वाजतात.
उघडून बघा, खडा एक नाही.
पाणी पुरत नाही, तेव्हा पाण्याचेच बुडबुडे होतात
आणि पात्यांवर येऊन फुटतात,
एकेक फुटणं सुईच्या टोकाएवढं.
जुना इम्पेलर मी हातात घेऊन पाहिलाय :
वाळवीनं खाल्लेल्या वहीसारखं पितळ.

पंप पाणी ओढत नाही, मामा सांगतात,
तो नुसता फेकतो.
मधली जागा रिकामी होते
आणि बाहेरची हवा टाकीतलं पाणी आत ढकलते.
पण हवाच आत शिरली
तर गरगर फिरतो, तापतो, देत काही नाही.
"आपल्या साहेबांसारखा," मी म्हणाले.
मामा हसले नाहीत. व्हेंटचा कॉक उघडून दाखवला :
आधी फुसफुस, मग थुंकी,
मग सलग धार.
आता बंद कर. आता सुरू.

त्या मंगळवारी तीन नंबरचं बेअरिंग बदललं.
स्विच पाडला, माझं कुलूप लावलं,
पाटी अडकवली, पाटीवर माझं नाव : शकुंतला बिराजदार.
बटण दाबून पाहिलं, मेलेलं आहे ना.
दोन्ही व्हॉल्व्ह बंद, ड्रेन उघडा,
पाणी निवेपर्यंत, काटा शून्यावर बसेपर्यंत
हात पाठीमागे.
संध्याकाळी कपलिंग जुळवलं, गार्ड बसवला,
हात धुतले
आणि घरी गेले. किल्ली खिशात.

अशोक चौकात मेथीचे पैसे देताना
बोटांना लागली ती.

तिकडे रामा रंगाचे टॉवेल निम्म्यावर अडकलेले,
वाफेचं भांडं निवत चाललेलं.
यलशेट्टी साहेब कटर घेऊन पॅनलपुढे :
"काम झालंय बे, गार्ड बसलाय, दिसत नाही का?"
मामा स्टूल ओढून मधेच बसलेले.
"कुलूप आहे म्हणजे माणूस आत आहे."
"कोण आहे आत? दाखव!"
"तुम्ही बघितलं, साहेब. कुलपानं नाही बघितलं."
एवढंच, आणि डावा हात मांडीवर,
ज्याची दोन बोटं कुठे गेली
हे कुणी विचारत नाही.

हे सगळं मला नंतर हेल्पर इरेशनं सांगितलं.
मी पोचले तेव्हा नुसती शांतता होती
आणि साहेबांच्या हातात कटर.
माफी मागत मी कुलपाकडे धावले.
"कुलूप नंतर," मामा म्हणाले,
"आधी पंपाभोवती एक फेरी मार."

फेरी मारली.
ड्रेन उघडाच होता.
त्याच्यासमोर, टॉर्च धरून, उघड्या चपलांत
इरेश उभा होता.
सक्शन उघडला असता तर
नव्वद अंशाचं पाणी त्याच्या पायांवर.

मी वाकले, कॉक फिरवला, काही बोलले नाही.
अजूनही कुणाला सांगितलेलं नाही.
मामांनी पाहिलं की नाही, ठाऊक नाही.

मग कुलूप. मग फुसफुस, थुंकी, धार.
पंप सुरू झाला, नवं बेअरिंग गुणगुणलं,
साहेब घड्याळ बघत निघून गेले.
मामा ग्लँडपाशी उकिडवे बसले,
मी शेजारी.
ते तेलुगूत, मी मराठीत.
मिनिट झालं. त्यांचे पन्नास, माझे सत्तेचाळीस.
"तीन कुठे गेले?" त्यांनी विचारलं.
"लक्ष नव्हतं."
"मग परत मोज."